दसऱ्यानंतरचं लॉगिन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला महाळुंग्यातल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच काउंटरवर नेहाने आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला आणि पडद्यावर तांबडी ओळ आली: डेटाबेसमध्ये लॉगिन होऊ शकलं नाही. नेहाने परत टाकला. तिसऱ्या वेळी तिने सगळी माणसं करतात तेच केलं, तीच अक्षरं दातओठ खाऊन बडवली. ओळ ढिम्म हलली नाही. पाच मिनिटांत तिने तनुजाला बोलावलं आणि दहा मिनिटांत सगळ्या शेडमध्ये बातमी झाली की तनुजाचं सॉफ्टवेअर बसलं.

गेलं वर्षभर ते कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. पाहुणे आले की साहेब लोक 'आमची सिस्टीम' म्हणून कौतुकाने दाखवायचे. बंद पडल्याबरोबर ते तनुजाचं झालं. पण लोकांचं तरी काय चुकलं, ते खरोखरच तिचं होतं. तनुजा इथलीच, गावातली. आधी तीन वर्षं ती नेहाच्याच खुर्चीत बसून खोक्यांवरची लेबलं भरायची. दर रविवारी बसने पिंपरीला जाऊन तिने कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि एक दिवस प्लांट हेड सलिल सरांना जाऊन सांगितलं की लेबलं आणि गेटपास आपोआप निघतील असं काहीतरी मी करून दाखवते. सरांनी भुवया उंचावल्या, पण नाही म्हटलं नाही. सहा महिन्यांनी ते चालू झालं तेव्हा तिला जिन्याखालची कोठडी मिळाली. दोन मशिनं, एक टेबल, एक पंखा आणि दारावर 'सिस्टीम' अशी पाटी. त्या पाटीचा फोटो तिने घरी सगळ्यांना दाखवला होता.

आता ती त्या कोठडीत शिरली आणि मागोमाग सलिल सर आले. सर ओरडत नसत. ते हळू आवाजात बोलायला लागले की माणसाला ओरडणं परवडलं असं वाटायचं.

त्यांनी हिशेब सरळ मांडला. दोन हजार ब्रॅकेट खोक्यांत भरून तयार आहेत. खोक्यावर नंबराचं लेबल नसेल तर गिऱ्हाइकाच्या गेटवर खोकं स्कॅन होत नाही, आणि स्कॅन झालं नाही की गाडी आत जात नाही. हाताने लिहिलेलं चालत नाही. गाडीला एक वाजताची वेळ दिलेली आहे, चाकणच्या चौकातली गर्दी धरली तर बाराला इथून सुटायलाच हवी. वेळ चुकली तर तिकडची गाड्या जुळवायची लाइन थांबेल.

"बाहेरच्या फर्मचा माणूस बारा वाजता येतोय," सर म्हणाले. "तोवर झालं तर ठीक. नाही झालं तर कोठडीची किल्ली त्याला दे आणि तू परत काउंटरवर बस. त्यांचं सॉफ्टवेअर तयारच आहे, मीच इतके दिवस घेत नव्हतो."

सर गेले. तनुजाने घड्याळ पाहिलं. नऊ चाळीस. भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण त्याहून जास्त तिला चेव चढला होता. वर्षभर सुरळीत चालणाऱ्या मशीनकडे बघत बसण्याचा तिला मनातून कंटाळा आला होता, हे तिने कुणापाशी कबूल केलं नसतं. तिने ओढणी कमरेला खोचली आणि खुर्ची पुढे ओढली.

कोठडीतल्या दोन मशिनांचं काम सोपं होतं. पहिलं मशीन काउंटरवाल्यांना पानं दाखवायचं. दुसऱ्याच्या पोटात डेटाबेस होता, म्हणजे सगळे नंबर, सगळी खोकी, सगळ्या गाड्या. पहिल्याला काही हवं असलं की ते दुसऱ्याच्या दारात जायचं, 'गेटपास' हे आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचं, आणि दुसरं त्याला आत घ्यायचं. वर्षभर घेतलं होतं. आज घेत नव्हतं. म्हणजे नेहाचा पासवर्ड चुकलेलाच नव्हता, भांडण या दोघांतलं होतं.

पासवर्ड चुकला म्हटल्यावर कुणीही पासवर्ड बदलतं, तिनेही बदलला. डेटाबेसमध्ये नवा घातला, पहिल्या मशीनच्या फाइलमध्येही तोच लिहिला, दोन्ही बंद करून चालू केली. तांबडी ओळ. तिला वाटलं, टाइप करताना चूक झाली असेल. या वेळी अगदी बाळबोध पासवर्ड ठेवला, एक-एक अक्षर बोट ठेवून टाकला. तांबडी ओळ. काउंटरवरून नेहाने मान वाकवून विचारलं, झालं का गं, आणि तनुजाने न बघताच हात हलवला.

दहा वाजून वीस मिनिटं झाली. दारात तात्याबा चहाचा कप घेऊन उभे होते.

तात्याबा म्हणजे तनुजाचे वडील. कंपनीत कंत्राटी हाउसकीपिंगला होते, सात वर्षं. घरी ते तिला तनू म्हणायचे, पण कंपनीच्या गेटातून आत आले की 'मॅडम'. तिने कितीदा सांगितलं तरी ऐकायचे नाहीत. इतर कुणाच्या टेबलावर ते दिवसातून एकदा फडकं मारत. कोठडीतल्या टेबलावर दोनदा. खंडेनवमीला अख्ख्या शेडची पूजा झाली. प्रेस, लेथ, फोर्कलिफ्ट, वजनकाटा, ऑफिसातलं कॉफीचं मशीनसुद्धा सुटलं नाही. तेव्हा कोठडीतल्या मशिनांची पूजा मीच करणार, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तनुजाने त्या दिवशी दुपारी दोन्ही मशिनं नीट बंद केली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि सणाच्या तयारीला घरी गेली.

आत्ता त्यांनी कप ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. काय झालंय ते त्यांना कळत नव्हतं, पण किल्लीचं सरांनी म्हटलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. अशा गोष्टी शेडमध्ये लपत नाहीत.

"चा घ्या, मॅडम," ते म्हणाले. "रिकाम्या पोटी डोकं चालत न्हाई."

तिने घोट घेतला आणि ऋताला फोन लावला. ऋता तिची क्लासमधली मैत्रीण, काळेवाडीला राहायची आणि पिंपरीत एका कंपनीत असलीच दुखणी निस्तरायची. ती बसमध्ये होती. कंडक्टरचा आवाज, कुणाचं तरी मोबाइलवरचं गाणं, आणि त्यातून ऋता शांतपणे ऐकत होती. तनुजाने सांगितलं की पासवर्ड दोनदा बदलला, तरी तेच.

ऋताने विचारलं, डेटाबेसने स्वतः काय लिहून ठेवलंय? काउंटरवरची तांबडी ओळ राहू दे, आतल्या नोंदीतली ओळ वाच. तनुजा म्हणाली, तेच की, प्रवेश नाकारला, पासवर्ड दिला होता का, तर हो. फोटो पाठवते.

"फोटो नको, इथे नेट नाही. आणि तू मला अर्थ सांगतेयस. मला ओळ वाचून दाखव. सगळी. आकडेसुद्धा."

तनुजाने वैतागून वाचायला सुरुवात केली. सकाळपासून ही ओळ तिने वीसेक वेळा पाहिली होती. 'गेटपास' या नावाला प्रवेश नाही, कुठून आला, तर एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सत्तेचाळीस.

ती थांबली.

"काय झालं?" ऋताने विचारलं.

"सत्तेचाळीस नाही गं तो. वीस आहे."

तिने ड्रॉवर उपसला. सगळ्यात खाली, जुन्या लेबलांच्या रोलखाली, वर्षापूर्वीचा कागद होता, तिच्याच अक्षरात. पहिल्या मशीनचा पत्ता, शेवटचा आकडा वीस. डेटाबेसला नाव आणि पासवर्ड पुरत नव्हता. ते येणाऱ्याचा पत्ताही बघायचं, आणि तशी तजवीज तिनेच केली होती, बाहेरच्या कुणी घुसू नये म्हणून. 'गेटपास' हे नाव वीस नंबरच्या पत्त्यावरून आलं तरच आत घ्यायचं. आज ते सत्तेचाळीसवरून येत होतं. तिने पासवर्ड दोनदाच काय, दोनशेदा बदलला असता तरी काही उपयोग नव्हता. काउंटरवाले पहिल्या मशीनला पत्त्याने नाही, नावाने हाक मारायचे, म्हणून त्यांच्याकडे पान नीट उघडत होतं आणि सगळे पासवर्डच्या मागे लागले होते.

ऋता फोनवर चक्क ओरडली, आणि बसमधल्या कुणीतरी तिला काहीतरी बोललं असावं, कारण पुढचं ती कुजबुजत म्हणाली. पत्ता कोण वाटतं तुमच्याकडे? राउटर. मग बघ जाऊन, आणि मला कळव, नाहीतर मी आज काम करू शकणार नाही.

राउटर जिन्याच्या मधल्या वळणावर भिंतीला होता. तनुजा दोन-दोन पायऱ्या चढून गेली, आणि मग लक्षात आलं की लॅपटॉप खालीच राहिला. परत खाली, परत वर. तिथेच पायरीवर बसून तिने राउटर उघडला. कुठल्या मशीनला कुठला पत्ता कायमचा द्यायचा याची यादी तिने त्यात भरून ठेवली होती. यादी कोरी होती. एकही ओळ नाही. नवा घेतल्यासारखा राउटर येईल त्याला हाताला लागेल तो पत्ता वाटत होता.

तिने वरूनच नेहाला हाक मारून विचारलं की सुट्टीत इथे कुणी काही केलं का. नेहा म्हणाली, खंडेनवमीला संध्याकाळी वायफाय गेलं होतं, इंटरनेटवाला माणूस येऊन चालू करून गेला. तुला सुट्टीत कशाला त्रास, म्हणून फोन नाही केला.

इंटरनेटवाल्याने इंटरनेट चालू केलं आणि तो गेला. यादी त्याला ठाऊकच नव्हती. पण वायफाय मुळात गेलं कशाने? राउटर सगळं विसरतो तो एकाच गोष्टीने, मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातलं बटण दहा सेकंद दाबून धरलं तर. तनुजाने मान तिरकी करून बघितलं. भोकाच्या कडेला चिमूटभर कुंकू होतं. राउटरच्या डोक्यावर, तारांमध्ये, एक वाळका झेंडू अजून अडकलेला होता.

राउटरला कुंकू लावणारा माणूस या कंपनीत एकच होता.

तिने ओढणीच्या टोकाने ते कुंकू पुसलं. झेंडू काढून मुठीत घेतला. हे बरोबर की चूक याचा विचार करायला तिला त्या क्षणी फुरसत नव्हती आणि खरं म्हणजे करायचाही नव्हता. तिने यादीत पहिलं मशीन घातलं, शेवटचा आकडा वीस, आणि खाली पळाली.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी पहिलं मशीन परत चालू झालं. तिने नेहाला खुणेनेच सांगितलं. नेहाने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, या वेळी हळूच, बाळाला उठवू नये तसा. पान उघडलं. आजच्या तारखेचं, कोरं, सुंदर पान. नेहाने पहिलं खोकं निवडलं आणि कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला आणि त्याने लेबल बाहेर काढलं.

मग काय विचारता. पॅकिंगची सगळी माणसं काउंटरला चिकटली. एकजण लेबल फाडतोय, एकजण चिकटवतोय, एकजण फोर्कलिफ्टवाल्याला हाका मारतोय. तनुजा स्वतः खोक्यांच्या रांगेत जाऊन बसली आणि लेबलं चिकटवायला लागली, तीन वर्षांची सवय होती, हात आपोआप चालत होते. ती हसत होती आणि आपण हसतोय हे तिला माहीत नव्हतं. बाराला सहा मिनिटं कमी असताना गाडी गेटातून बाहेर पडली. शेडमधल्या कुणीतरी शिट्टी वाजवली. सलिल सरांनी फर्मच्या माणसाला फोन करून सांगितलं की आज येऊ नका.

इथवर सगळं छान झालं. पण गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात छान झालं म्हणून कुणी घरी जाऊ देत नाही. काही बिघडलं की कागद भरावा लागतो, आणि त्या कागदावर पाच वेळा 'का' विचारलेलं असतं. का बिघडलं, ते का झालं, तेही का झालं, असं खणत पाचव्यापर्यंत जायचं. खाली दोन रकाने: जबाबदार कोण आणि दुरुस्ती कोण करणार.

सर कागद घेऊन कोठडीत आले, समोर बसले आणि स्वतःच लिहायला लागले. लॉगिन का झालं नाही? मशीनचा पत्ता बदलला म्हणून, तनुजा म्हणाली. माणूस आपला, बिल्ला खरा, पण आला मागच्या गेटने, आणि सिक्युरिटीच्या वहीत तो पुढच्या गेटचा आहे, असं झालं सर. सरांना ते आवडलं. पत्ता का बदलला? राउटरची यादी पुसली गेली. ती का? मागचं बटण कुणीतरी दाबून धरलं. सरांचा पेन थांबला.

"कुणी?"

तनुजा म्हणाली, सांगता येत नाही. सर म्हणाले, तो इंटरनेटवाला असणार, त्याला आधी बदलतो. तनुजाने मान खाली घातली. गप्प बसलं की झालं, इतकं सोपं होतं.

"सायेब, म्याच," दारातून आवाज आला.

तात्याबा कधी येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"कुंकू लावताना त्या भोकात गेलं. म्हनलं, पोरीचं मशीन हाय, घान नको ऱ्हायला. अगरबत्तीच्या काडीनं कोरून काढलं. निघंना, म्हनून दाबून धरली काडी. दिवं इझलं तवा मला वाटलं लाइट गेली आसंल."

सरांनी चौथ्या ओळीत लिहिलं: साफसफाई करताना. मग 'जबाबदार' या रकान्याकडे पेन नेला आणि हळू आवाजात म्हणाले की कंत्राटदाराला सांगावं लागेल, तात्याबा, गिऱ्हाइकाकडे कागद जातो, नाव लागतं. तात्याबांनी व्हय म्हणून मान हलवली. त्यांना स्वतःचं काही वाटत नसावं, ते लेकीकडे बघत होते, आपल्यामुळे तिची किल्ली जाता-जाता राहिली या विचाराने त्यांचा चेहरा उतरला होता.

तनुजाचं डोकं, सकाळपासून तापलेलं, अजून चालूच होतं. तिला कागदावरची रिकामी ओळ दिसत होती.

"सर, अजून एक 'का' राहिलाय."

सरांनी कागद तिच्याकडे सरकवला. ती लिहायला लागली आणि लिहिता-लिहिताच तिला कळत गेलं की हे वडिलांना वाचवायला सुचलेलं नाही, हे खरंच आहे. राउटर साफ केल्याने डिस्पॅच का थांबला? पहिल्या मशीनचा पत्ता त्या मशीनमध्येच पक्का करून ठेवायला हवा होता. डेटाबेसचा तसा ठेवला होता. पहिल्याचा मात्र, सिस्टीम चालू करायच्या दिवशी घाई होती म्हणून, राउटरच्या यादीवर भागवलं. नंतर करू म्हटलं आणि वर्ष गेलं. साफसफाई तर रोजच होणार, ती होऊनही चाललं पाहिजे. 'जबाबदार' या रकान्यात तिने आपलं नाव लिहिलं, सरळ, पूर्ण.

"हे लिहिलंस तर वर जाणार," सर म्हणाले. "कोठडीतलं काम तुला सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर दिलंय, ही मुदत पुढच्या महिन्यात संपते. सगळे म्हणतील, बाहेरच्या फर्मला द्या."

"खरं तेच लिहिलंय, सर. मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या."

जेवणाच्या सुट्टीत तिने पहिल्या मशीनमध्ये पत्ता पक्का केला. राउटरमधल्या इंटरनेटच्या सेटिंगची आणि यादीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मग सरांना, नेहाला आणि डबे अर्धवट टाकून आलेल्या पाच-सात जणांना जिन्यावर गोळा केलं, आणि वडिलांना हाताला धरून राउटरसमोर उभं केलं. नेहाच्या केसातली पिन काढून त्यांच्या हातात दिली.

"आबा, पुन्हा दाबा."

कंपनीत तिने त्यांना आबा म्हणायची ही पहिली वेळ. तात्याबांनी सरांकडे पाहिलं. सर हाताची घडी घालून उभे होते, त्यांनी नुसती मान डोलावली. तात्याबांनी पिन भोकात घातली. पिन दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली. नेहा काउंटरकडे पळाली. तनुजा मोठ्याने आकडे मोजत होती, सात, आठ, नऊ, आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझले.

"सोडू का?" तात्याबांनी विचारलं.

"सोडा."

दिवे परत यायला दीड मिनिट लागलं. या दीड मिनिटात जिन्यावर कुणी हललं नाही. पहिला दिवा लागला, दुसरा लागला, आणि खालून प्रिंटरची घरघर आली.

नेहा लेबल नाचवत वर आली. ते आधी सरांच्या हातात गेलं. सरांनी ते उलटसुलट करून बघितलं, मग खिशातून पेन काढला, तो पाच 'का'चा कागद भिंतीला टेकवला आणि 'दुरुस्ती कोण करणार' या रिकाम्या रकान्यात लिहिलं. तात्याबांना फार वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव त्यांना ओळखू यायचं. ते एका कागदावर दोनदा होतं.